नांगर टाकल्यानंतर

उष्ण कटिबंधातील एखाद्या लहानशा उपसागराचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि नारळीची राई, मध्ये आरशासारखे स्थिर पाणी, आणि त्या पाण्यावर शिडे गुंडाळून उभी असलेली एक छोटी नौका. अनेक दिवसांचा प्रवास संपला आहे. नांगर तळाशी पोहोचला आहे, साखळीचा खडखडाट थांबला आहे, आणि नाविकाने चहाचे आधण ठेवले आहे. वाऱ्याच्या आणि लाटांच्या अखंड कोलाहलाने बधिर झालेल्या कानांना कित्येक दिवसांनी पक्ष्यांचा आवाज ऐकू येतो. शिडाच्या नौकेतून दूरदूरचे प्रवास करणाऱ्यांच्या पुस्तकांत हा क्षण हटकून येतो. आणि वाचणाऱ्यालाही वाटते की, आता भय सरले, यापुढचा काळ विसाव्याचा.

श्रोतेहो, या समजुतीत थोडे सत्य आहे, आणि पुष्कळसा धोका आहे. भरसमुद्रात वादळ उठले तर चांगल्या नौकेला पळावयास जागा असते. शिडे उतरवावीत, सुकाणू सांभाळावे आणि वाऱ्याबरोबर वाहत जावे. शेकडो मैल आपटण्यासारखे काही आडवे येत नाही. किनाऱ्याजवळ नेमकी ती जागाच नसते. म्हणूनच अनुभवी खलाशी पाण्याला जितका भितो, त्याहून अधिक जमिनीला भितो. लहान नौकांतून जगाची प्रदक्षिणा करणाऱ्यांच्या इतिहासात दोन नावे विशेष आदराने घेतली जातात. त्या दोघांच्याही आयुष्यात अशी एक घटना आहे की, महासागराने जे केले नाही ते शांत पाण्याने केले, किंवा करता करता सोडले. त्या दोन घटनांचा आज थोडा विचार करावयाचा आहे.

पहिले नाव जोशुआ स्लोकम याचे. १८४४ साली कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतात जन्मलेला हा मनुष्य मोठ्या शिडाच्या जहाजांचा कप्तान होता. वाफेच्या जहाजांनी शिडांचा धंदा बसवला, तेव्हा तो बेकार झाला. एका शेतात टाकून दिलेली जुनीपुराणी नौका त्याला मिळाली. ती त्याने स्वतःच्या हातांनी, एकेक लाकूड बदलून, पुन्हा उभी केली. तिचे नाव ‘स्प्रे’. लांबी सुमारे ३७ फूट. २४ एप्रिल १८९५ रोजी बॉस्टनहून तो एकटाच निघाला, आणि जून १८९८ मध्ये सुमारे ४६,००० मैलांचा प्रवास करून परतला. एकट्या माणसाने केलेली ती पहिली पृथ्वीप्रदक्षिणा. विशेष म्हणजे या गृहस्थाला पोहता येत नव्हते.

१८९७ च्या जुलै महिन्यात तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील थर्सडे बेटावरून निघून हिंदी महासागरातील कीलिंग किंवा कोकोस बेटांवर आला. २,७०० मैलांचे हे अंतर त्याने २३ दिवसांत तोडले. नौकेचा तोल त्याने इतका सुरेख साधला होता की, या २३ दिवसांत सुकाणूपाशी मिळून तीन तासही बसावे लागले नाही. अनुकूल वारा पाठीशी होता. नौका आपली वाट आपणच चालत होती. कीलिंग हे प्रवाळाचे कंकणाकृती बेट. चार्ल्स डार्विन यानेही १८३६ साली ‘बीगल’ जहाजातून येऊन ही बेटे पाहिली होती. कंकणाच्या आत उथळ, निळेहिरवे, निवांत पाणी. बाहेर अथांग महासागर. स्लोकमने आत जाऊन नांगर टाकला, आणि कित्येक दिवस तेथे सुखाने काढले.

तेथेच त्याचा प्रवास कायमचा संपावयाचा होता. नौकेत तळभार म्हणून घालण्यासाठी तो मोठमोठे शिंपले गोळा करीत होता. एके दिवशी ते आणण्याकरिता एका सोबत्याबरोबर तो एका मोडक्या होडीत बसला. होडीचे शीड कुजलेले होते. वाटेत वाऱ्याचा एक झोत आला आणि ते शीड फाटून उडून गेले. होडी बाहेरच्या समुद्राकडे वाहू लागली. पाहतो तो वल्हे नाही. नांगर मात्र होता. पण त्याला दोर असावा तेवढा नव्हता, आणि खाली पाणी तर खोल झालेले. ज्या दिशेने होडी चालली होती, त्या दिशेला सर्वांत जवळचा किनारा आफ्रिकेचा, तीन हजार मैलांवर. होडीत पिण्याच्या पाण्याचा थेंब नव्हता. सुदैवाने एक लांब बांबूसारखा दांडा तेवढा सापडला. त्याचेच वल्हे करून, जिवाच्या आकांताने, दोघांनी होडी कशीबशी उथळ पाण्यात आणली.

२,७०० मैलांच्या समुद्राने ज्याच्या केसाला धक्का लावला नाही, तो मनुष्य कीलिंगच्या शांत पाण्यात दोन हात दोर कमी पडला म्हणून मरणाच्या दारी जाऊन आला. कप्तान म्हणून ज्याने आयुष्य घालवले, त्याला नांगराची महती कोणी सांगावयाची गरज नव्हती. तथापि स्वतःच्या नौकेत जी दक्षता तो क्षणभरही विसरत नसे, ती दुसऱ्याच्या होडीत पाऊल ठेवताना विसरला. भोवतालचे पाणी इतके निवांत होते की, विचारावयाचे सुचलेच नाही.

नांगराला दोर का लागतो, किती लागतो, हे येथे थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण बहुतेकांची कल्पना अशी असते की, नांगर म्हणजे एक जड लोखंड, आणि त्याच्या वजनाने नौका जागी राहते. वस्तुतः तसे नाही. आपल्या भाषेने शेतातल्या अवजाराला आणि समुद्रातल्या या साधनाला एकच नाव दिले आहे, आणि ते अत्यंत समर्पक आहे. शेतातला नांगर जसा फाळाने जमिनीत शिरतो, तसाच समुद्रातलाही तळात शिरला पाहिजे. १९३३ साली जेफ्री इंग्राम टेलर या इंग्रज गणितज्ञाने, जो स्वतः शिडाच्या नौकेतून हिंडत असे, लहान नौकांसाठी एक नवा नांगर तयार केला. त्याची रचना जवळजवळ शेतातल्या फाळाचीच होती. वजनाने थोडका, पण वाळूत एकदा रुतला की ओढावे तसा अधिकच खोल जाणारा, असा तो नांगर पुढे जगभर वापरात आला.

मात्र फाळ जमिनीत राहावयाचा तर ओढ आडवी हवी. ओढ वरच्या दिशेने लागली तर फाळ उपटून येतो. हे कोणाही शेतकऱ्याला ठाऊक आहे. नौकेखाली पाणी खोल आणि दोर आखूड असला, तर प्रत्येक लाटेबरोबर नौका वर उचलली जाते आणि नांगराला वरच्या दिशेने हिसका बसतो. म्हणून नियम असा की, लोखंडी साखळी असेल तर भरतीच्या वेळच्या खोलीच्या निदान पाचपट सोडावी. नुसता दोर असेल तर सातपट. चार वाव पाणी असेल तर साखळी वीस वाव, दोर अठ्ठावीस वाव. साखळीला कमी पुरते, याचे कारण तिचे वजन तळावर पडून राहते आणि ओढ आपोआप आडवी करते. वारा वाढला की आणखी सोडावी. नौका टिकते ती या लांबीवर.

याखेरीज तळ कसा आहे ते पाहावे लागते. वाळू आणि चिकणमाती उत्तम. खडक, प्रवाळ आणि समुद्रगवत वाईट. खडकात नांगर एक तर धरतच नाही, किंवा असा अडकतो की सोडवता येत नाही. वारा फिरला की नौका नांगराभोवती वर्तुळात फिरते. त्या वर्तुळात दुसरी नौका, खडक किंवा उथळ जागा येता कामा नये. शेवटी किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धराव्या लागतात. एखादा माड आणि त्यामागची डोंगरातली खिंड. रात्री उठून पाहावे. माड खिंडीच्या रेषेतून सरकला असेल आणि नौकेच्या साध्या फिरण्याने एवढा फरक पडणे शक्य नसेल, तर नांगर तळावरून घसटत चालला आहे. म्हणजे, ज्याला आपण विसावा म्हणतो, त्यातही चांगला नाविक रात्रीतून दोनतीनदा उठतो.

परंतु एवढे सगळे केले तरी एक गोष्ट उरते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची. उपसागर शांत का असतो? उष्ण कटिबंधातील महासागरांवर वर्षाचा बराचसा काळ व्यापारी वारे वाहतात. विषुववृत्ताच्या उत्तरेस ईशान्येकडून, दक्षिणेस आग्नेयेकडून. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर लाटांचे तांडव चालू असते. पश्चिमेच्या बाजूस, डोंगराच्या आड, पाणी निपचित पडलेले असते. झाडाखाली सावली पडावी तशी ही वाऱ्याची सावली. आता सावली झाडाची असली तरी तिची जागा सूर्य ठरवतो. सूर्य सरकला की सावली सरकते. तसेच वारा फिरला की उपसागराचा आसरा नाहीसा होतो. इतकेच नव्हे, कालपर्यंत जो किनारा पाठराखण करीत होता, तोच आज नौका आपटावयाची जागा होऊन बसतो.

या सत्याचा अनुभव ज्याला फार कठोरपणे आला, ते दुसरे नाव बर्नार मोइतेसिए या फ्रेंच नाविकाचे. १९२५ साली हनोई येथे त्याचा जन्म झाला, आणि बालपण त्या वेळच्या फ्रेंच इंडोचायनात गेले. सयामच्या आखातातील कोळ्यांबरोबर राहून तो समुद्र शिकला. त्याची पहिली नौका १९५२ साली हिंदी महासागरातील दिएगो गार्सिया बेटाच्या प्रवाळखडकांवर फुटली. आपण नेमके कोठे आहोत याचा अंदाज चुकला होता. दुसरी १९५८ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट व्हिन्सेंट बेटाच्या किनाऱ्यावर गेली. अतिश्रमाने त्याला झोप लागली होती. दोन्ही वेळा समुद्राने त्याला सोडले आणि जमिनीने गाठले. त्यानंतर त्याने पोलादी पत्र्याची, दोन डोलकाठ्यांची, सुमारे ३९ फुटांची नौका बांधवून घेतली. स्लोकमच्या स्मरणार्थ तिचे नाव ठेवले ‘जोशुआ’.

या नौकेने जे केले ते अद्भुत म्हणावे लागेल. १९६५-६६ मध्ये मोइतेसिए आणि त्याची पत्नी फ्रान्स्वाज ही दोघे ताहितीजवळच्या मोरेआ बेटावरून निघून, केप हॉर्नला वळसा घालून, कोठेही न थांबता स्पेनला पोहोचली. १४,२१६ मैल, १२६ दिवस. पुढे १९६८ साली एका इंग्रजी वृत्तपत्राने एकट्याने, विनाथांबा, पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत जाहीर केली. नऊ जण निघाले. त्यांपैकी एकच शेवटपर्यंत पोहोचला, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. त्याची ३२ फुटांची ‘सुहैली’ ही नौका मुंबईत, सागवानी लाकडाची बांधलेली होती, हे मराठी श्रोत्यांनी अभिमानाने ध्यानी ठेवावे. मोइतेसिए त्याच्यामागून निघाला होता. तो वेगवान होता आणि सर्वांत जलद प्रदक्षिणेचे पारितोषिक मिळवण्याचा त्याला चांगला संभव होता. केप हॉर्न त्याने ओलांडले. आता उत्तरेकडे वळून युरोपात जावयाचे आणि कीर्ती व पैसा घ्यावयाचा. परंतु त्याने नौका पुन्हा पूर्वेकडे वळवली. आपण समुद्रावर सुखी आहोत, असे कारण त्याने दिले. केप टाउनजवळ एका जहाजावर गलोलीने चिठ्ठी फेकून त्याने तो निरोप धाडला, आणि आणखी अर्धी पृथ्वी पालथी घालून तो २१ जून १९६९ रोजी ताहितीला उतरला. जमिनीला न शिवता तो दहा महिने आणि ३७,४५५ मैल चालला होता. दक्षिण महासागरातील घोंघावणाऱ्या वाऱ्यांनी ‘जोशुआ’ला कित्येकदा आडवी पाडली, प्रत्येक वेळी ती उभी राहिली.

यापुढची काही वर्षे त्याने पोलिनेशियात घालवली. आहे नावाच्या प्रवाळबेटावर राहून, जेथे माती नावालाही नाही, तेथे पालापाचोळा कुजवून त्याने माती केली आणि भाजीपाला पिकवला. ‘जोशुआ’ जवळच पाण्यात नांगरलेली असे. १९८० च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात गेला, आणि १९८२ साली तेथून दक्षिणेकडे निघाला. या सफरीत त्याच्याबरोबर क्लाउस किन्स्की हा जर्मन नट होता. त्याला नौकानयन शिकावयाचे होते. मेक्सिकोच्या पश्चिमेस खाली लोंबणारे जे बाखा कॅलिफोर्निया नावाचे द्वीपकल्प आहे, त्याच्या अगदी टोकाला, कर्कवृत्ताच्या जरा दक्षिणेस, काबो सान लुकास येथे त्याने नांगर टाकला.

ही जागा कशी आहे ते सांगितले पाहिजे. हिवाळ्यात तेथे वारा बहुधा वायव्येकडून येतो, आणि द्वीपकल्पाची जमीन त्याला अडवून धरते. उपसागर पूर्वेकडे व दक्षिणेकडे उघडा आहे; पण तिकडून वारा क्वचितच येत असल्याने कोणाला त्याची पर्वा नसते. समुद्राखाली एक खोल दरी थेट किनाऱ्याच्या जवळ येते. त्यामुळे नांगर टाकण्याजोगा उथळ तळ म्हणजे पुळणीलगतची एक अरुंद पट्टी. चक्रीवादळांचा मोसम नोव्हेंबरअखेर संपतो, म्हणून कॅलिफोर्नियाहून निघालेल्या नौका तो टळल्यावर येथे जमतात. १९८२ च्या डिसेंबरातही अशाच अनेक नौका त्या अरुंद पट्टीवर, एकमेकींच्या जवळ आणि पुळणीच्याही जवळ, दाटीवाटीने उभ्या होत्या. ऊन स्वच्छ, पाणी उबदार, शेजार चांगला. मोसम टळला, या एका वाक्यावर सर्वांचा भरवसा.

८ डिसेंबरच्या सुमारास वारा आग्नेयेकडून आला, आणि वादळ होऊन आला. सावली सरकली. पाठीशी असलेली पुळण आता वाऱ्याच्या तोंडी आली. लांब दोर सोडावा तर मागे जागा नाही. नांगर उचलून बाहेर पडावे तर अंधार, लाटा, आणि भोवती शेजाऱ्यांच्या दोरांचे जाळे. एक नौका सुटली की ती दुसरीवर आदळे, आणि दुसरीचाही नांगर उपटून नेई. सकाळी पंचवीसहून अधिक नौका पुळणीवर पडलेल्या होत्या. त्यांत ‘जोशुआ’ होती. तिच्या डोलकाठ्या मोडल्या होत्या आणि आत वाळू भरली होती. मोइतेसिए वाचला, पण वीस वर्षांची ती नौका पुन्हा उभी करण्याचे बळ त्याच्यापाशी उरले नव्हते. केप हॉर्न दोनदा ओलांडलेले ते पोलादी कलेवर त्याने नाममात्र किमतीला दुसऱ्यांच्या स्वाधीन केले.

दोष कोणाचा म्हणावा? मोइतेसिएहून अधिक जाणता नाविक त्या उपसागरात क्वचितच दुसरा असेल. तेव्हा ज्ञान नव्हते असे म्हणता येणार नाही. प्रश्न ज्ञानाचा नसून मनाच्या अवस्थेचा आहे. समुद्रावर मनुष्य प्रतिक्षणी स्वतःस विचारीत असतो: वारा कोठून? ढग कसे? काही बदलले का? नांगर टाकला की हे प्रश्न हळूहळू बंद पडतात. शिडे घडी करून खाली जातात. लहान होडी किनाऱ्यावर नेलेली असते; कपडे वाळत असतात; शेजारच्या नौकेवर जेवणाचे आमंत्रण असते. अशा वेळी समुद्रावर लांबलांब लाटांची हलकी फुगवटी वेगळ्याच दिशेने येऊ लागली, तर तिचा अर्थ समजत नाही असे नाही. समजून घ्यावयाचे जिवावर येते. शिवाय दुसरे कोणी हलत नाही. चाळीस नौका स्वस्थ असताना आपणच तेवढे भित्रे ठरून नांगर उचलावा, हे अवघड असते. अशा प्रसंगी निर्णय घ्यावयाचा तो दिवसाउजेडी, पाणी शांत असतानाच; आणि पाणी शांत असताना तो निर्णय नेहमीच हास्यास्पद दिसतो. रात्री तो शहाणपणाचा ठरतो, पण तेव्हा तो घेता येत नाही.

आपल्या कोकणच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील लोकांनी ही गोष्ट ग्रंथ न वाचताच ओळखली होती. येथील वाऱ्याची सावली वर्षातून एकदा ठरलेल्या वेळी सरकते. आठ महिने सौम्य असलेला समुद्र नैर्ऋत्येच्या मोसमी वाऱ्यांबरोबर उलटतो, आणि हिवाळ्यात जे उपसागर कुशीसारखे वाटतात ते पावसाळ्यात वाऱ्याच्या तोंडी येतात. म्हणून पाऊस सुरू होण्याच्या आधी होड्या वर ओढावयाच्या, झावळ्यांनी शाकारावयाच्या, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यावरच पुन्हा लोटावयाच्या, हा रिवाज पडला. त्या दिवसाला श्रद्धेचे अधिष्ठान आहेच. पण अमुक तिथीपूर्वी जावयाचे नाही, हा निर्णय एकट्यादुकट्याच्या धीरावर न सोडता साऱ्या गावाने मिळून घेण्याचे शहाणपणही त्यात आहे. मग आधी हलला त्याला कोणी भित्रा म्हणत नाही, आणि मागे राहिला त्याला कोणी शूर म्हणत नाही.

गोव्यात मांडवीच्या मुखाशी पूर्वीची जहाजे हिवाळ्यात निर्धास्त उभी राहत. तेथील डोंगरावरच्या झऱ्याचे गोडे पाणी ती भरून घेत, म्हणून पोर्तुगिजांनी त्या जागेला आग्वाद हे नाव दिले. पावसाळ्यात मात्र मुखाशी वाळूचा दांडा साचून तो मार्ग बंद पडे, आणि जहाजांना मुरगावचा आसरा शोधावा लागे. एकच किनारा, दोन तासांच्या अंतरावरची दोन बंदरे. पण कोणते केव्हा सुरक्षित, हे पंचांग पाहून ठरे. अलीकडे २००० सालच्या जून महिन्यात ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे प्रचंड मालवाहू जहाज खवळलेल्या समुद्राने कांदोळीच्या पुळणीवर लोटले, आणि दशकाहून अधिक काळ ते तेथे गंजत पडले होते. आकार मोठा असला म्हणून जून महिना कोणाची गय करीत नाही.

नांगराविषयी बोलताना आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. नौकेला विसावा मिळतो त्याची किंमत कधीकधी उपसागर मोजतो. उष्ण कटिबंधातील शांत पाण्यात प्रवाळ वाढते. दगडासारखे घट्ट प्रवाळ वर्षाकाठी जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. त्यावर नांगर पडला, किंवा नौका वाऱ्याबरोबर फिरताना साखळी त्यावरून फरफटली, तर शतकाची वाढ एका रात्रीत मोडते. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या मालवणच्या समुद्रातही असे प्रवाळ आहे, आणि १९८७ साली तो भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला आहे. अनेक ठिकाणच्या संरक्षित उपसागरांत आता कायमच्या बोया टाकलेल्या असतात; नौकेने नांगर न टाकता बोयेला दोर बांधावा, अशी अपेक्षा असते. जेथे बोया नाही तेथे स्वच्छ वाळूचा तुकडा पाहून तेवढ्यातच नांगर टाकावा. येथे एक समाधानाची गोष्ट अशी की, नौकेचे हित आणि उपसागराचे हित परस्परविरुद्ध नाही. वाळूत नांगर अधिक चांगला धरतो, आणि प्रवाळही वाचते. थोडे थांबून पाण्यात डोकावून पाहणे, एवढेच दोघांचेही मागणे आहे.

‘जोशुआ’ची कथा काबो सान लुकासच्या पुळणीवर संपली नाही. ज्यांच्या हाती ती गेली त्यांनी तिच्यातली वाळू उपसली, ती दुरुस्त केली आणि पुन्हा पाण्यात लोटली. पुढे १९९० साली फ्रान्समधील ला रोशेल येथील सागरी संग्रहालयाने ती विकत घेतली. आता ती तेथील ठेवा आहे. पण काचेआड ठेवलेली नाही, तिच्यावर शिडे चढतात आणि ती समुद्रावर जाते. मोइतेसिएलाही मित्रांच्या मदतीने नवी पोलादी नौका मिळाली. तिचे नाव त्याने ताहितीच्या भाषेतून घेतले: ‘तामाता’, म्हणजे प्रयत्न करून पाहणे. तिच्यातून तो पुन्हा पोलिनेशियात गेला, पुन्हा उपसागरांतून नांगर टाकू लागला. १९९४ साली तो वारला.

त्याने नांगर टाकण्याचे सोडले नाही, हे लक्षात ठेवावयास हवे. या सर्व विवेचनाचा अर्थ, विसावा घेऊ नये, असा नाही. अनेक आठवड्यांच्या प्रवासानंतर शांत पाण्यात उभे राहण्याचे सुख खरे आहे, आणि ज्याने ते मिळवले त्याचा त्यावर हक्क आहे. फक्त ते सुख उपसागराने दिलेले नसते. ते डोंगराच्या आडोशाचे, वाऱ्याच्या दिशेचे, तळातल्या वाळूचे आणि पुरेशा लांब दोराचे मिळून झालेले असते. आणि यांपैकी एकही गोष्ट कायमची नसते. म्हणून जाणता नाविक चहा पितो, पक्ष्यांचे गाणे ऐकतो, शेजाऱ्याकडे जेवूनही येतो. पण निजण्यापूर्वी एकदा वर येतो, काळोखात माडाची आणि खिंडीची रेषा जुळवून पाहतो, साखळीवर हात ठेवून तिचा ताण अजमावतो, वारा गालाच्या कोणत्या बाजूला लागतो ते पाहतो. आणि मगच दिवा मालवतो.